चटईसकट वजन

पांगाई, हाअपाई, टोंगा
२५ मे

वन्सं,

फोनवर माझा आवाज आला की तुम्ही फोन ठेवून देता, म्हणून हे पत्र. पत्र ठेवून देता येत नाही, फाडावं लागतं. आणि वाचल्याशिवाय फाडणाऱ्यांतल्या तुम्ही नाही, एवढं या घरात आल्यापासून मला ठाऊक आहे. आपल्या गावचा सेमीसी द्राक्षवेलींच्या छाटणीसाठी समुद्रापलीकडे तुमच्याकडे मिल्ड्युराला निघालाय, त्याच्या हाती देतेय. चर्चच्या आवारात चार माणसांसमोर द्यायला सांगितलंय. म्हणजे तुम्हाला घ्यावंच लागेल.

मला माफी मागायची नाही. निदान या पत्रात नाही. हे पत्र तुमच्या भाचीबद्दल, तुमच्या सिआलेबद्दल आहे. 'तुमच्या' म्हणते, कारण साथीत विमानं बंद होती तेव्हा फोनवरून तिचं नाव तुम्हीच ठेवलंत.

या महिन्यात ती चार वर्षांची झाली. मुलांच्या रविवारी तिला पांढरा फ्रॉक घालून पहिल्यांदाच चर्चमध्ये सगळ्यांपुढे उभं केलं. चार ओळींचं वचन पाठ होतं. दुसऱ्या ओळीला तिला धाप लागली, ती तिथेच खाली बसली आणि उरलेल्या दोन ओळी बसूनच म्हणाली. लोक कौतुकानं हसले. माझ्या मात्र काळजाचं पाणी झालं. दर महिन्याला ताप, दर महिन्याला खोकला, खाल्लेलं काही अंगी लागत नाही. मी आपली समजूत घालत होते की तुमच्या घरातल्या मुली बारीकच असतात. तुमच्याकडे बघून कुणी तसं म्हणणार नाही, पण असो.

गेल्या गुरुवारी राजधानीच्या इस्पितळातली नर्स मेलेआने इथल्या दवाखान्यात आली होती. मेलबर्नहून लहान मुलांच्या हृदयाचे डॉक्टर दर वर्षी एका आठवड्यासाठी येतात, त्यांच्यासाठी मुलं निवडायला. तिनं सिआलेच्या छातीवर यंत्र फिरवलं आणि पडद्यावर मला तिचं हृदय दाखवलं. वरच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीला भोक आहे. माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं. स्वच्छ झालेलं रक्त त्या भोकातून पुन्हा मागे जातं, पुन्हा फुफ्फुसात जातं, आणि हृदय बिचारं तेच तेच काम दोनदा करत दमतं.

तुम्हाला पेनिसिमानी आठवतो ना, तुमच्या मावशीचा नातू? त्याला ऑकलंडला नेऊन छाती उघडली होती. अजून शर्ट काढला की गळ्याखालून बेंबीकडे जाणारा वण दिसतो. मेलेआने म्हणते, आता तसं नाही. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी वर हृदयापर्यंत नेतात आणि आतल्या आत भोक बुजवतात. कापायचं नाही, शिवायचं नाही, दुसऱ्या दिवशी पोर घरी. मला आधी थाप वाटली. तिनं तिच्या फोनवर गेल्या वर्षीची मुलं दाखवली, एकेकाच्या मांडीवर नुसती चिकटपट्टी. मी बघतच राहिले.

अट एकच, मूल पंधरा किलोंचं हवं. त्याहून लहान असेल तर शीर बारीक, हृदय लहान, नळी नेणं जोखमीचं. आमची सिआले भरली पंधरा किलो शंभर ग्रॅम. काठावर का होईना, बसली. बावीस जूनला राजधानीत बोलावलंय.

आता तुमचं काम. तुमचा भाऊ संमतीच्या कागदावर सही करत नाही. म्हणतो, मुलीच्या अंगाला परका हात लागणार, तिच्या आत्याच्या शब्दाशिवाय मी कागदाला हात लावणार नाही. मी म्हटलं, मग विचार ना आत्याला. तर उठून डुकरांना खायला घालायला गेला. बहिणीशी असल्या गोष्टी भावानं बोलायच्या नसतात हे मी समजू शकते. पण तीन वर्षं अबोला आहे तो तुमचा-माझा, आणि त्यात अडकलीय ती.

गावातही कुजबूज आहे, आत्याचं मन दुखावलं म्हणून पोरीच्या काळजाला भोक पडलं. मी मेलेआनेला विचारलं, हे भोक राहतं कधी? ती म्हणाली, पोटात मूल दोन-तीन महिन्यांचं असतं तेव्हा. मी बोटांवर मोजलं. तेव्हा तुम्ही फोनवरून मला कोनफळ किती खायचं ते सांगत होतात. म्हणजे तुमच्या रागाचा यात काही संबंध नाही. कुणी तिकडे तुमचे कान भरले असतील, म्हणून मुद्दाम लिहिलं.

'करा' एवढा एकच शब्द पाठवा.

अकोसिता

---

पांगाई
९ जून

वन्सं,

सेमीसीचा निरोप मिळाला. तुम्ही पत्र घेतलंत, घडी करून पिशवीत टाकलंत आणि लोकांना चहा द्यायला गेलात. म्हणजे वाचलंय. उत्तर नाही.

इथे आम्ही पोरीला खाऊ घालतोय. सकाळी लोणी लावून नीरफणस, दुपारी अळूच्या पानांत नारळाचं दूध घालून भाजलेला लू, संध्याकाळी मासा आणि अळकुड्या. ती दोन घास खाते आणि उरलेलं गुपचूप डुकराच्या पिल्लाला घालते. पिल्लू चांगलं गरगरीत झालंय. काल तिला दुकानातल्या काट्यावर उभी केली. तेरा किलो नऊशे. तो काटा खोटाच असणार, त्यावर मासे तोलतात. आणि कपड्यांचंही वजन असतंच म्हणा.

तुमचा भाऊ अजून कागद घडी करून बायबलात ठेवतो. रोज बायबल उघडतो, रोज कागद बाजूला करतो, वाचतो आणि पुन्हा आत ठेवतो.

तुम्ही त्या चटईवरूनच गप्प असाल तर पुन्हा एकदा सांगते. मामंजींच्या अंत्यविधीला घरातली सगळ्यांत जुनी, मोठ्या प्रसंगी कमरेला गुंडाळायची चटई तुमच्या पुढ्यात यायला हवी होती. तुम्ही थोरली बहीण, तो तुमचा मान, तुमच्या पणजीची चटई, सगळं मान्य. मी सांगितलं, लाटेत गेली. शेजारच्या लोसेलीनं तुमच्या कानात घातलं की तिनं ती आमच्या अंगणात वाळत घातलेली पाहिली. तुम्ही मला चारचौघांत विचारलंत, मी चारचौघांत तेच उत्तर दिलं. तुम्ही जेवणाला हात न लावता उठलात आणि विमानात जाऊन बसलात.

समुद्रातला ज्वालामुखी फुटला त्या दिवशी लाट आपल्या पडवीतून आत आली आणि मागच्या दारानं बाहेर गेली. पेटी नेली, पेटीतली चटई नेली. लाटेनं चटई नेली हे मी आजही बायबलावर हात ठेवून सांगेन.

मला तुमच्याशी भांडायचं नाही. आज तिला विहिरीपर्यंत चालताना दोनदा बसावं लागलं. दुसऱ्यांदा बसली तेव्हा मला म्हणाली, "आई, तू पुढे जा, मी बसत बसत येते."

अकोसिता

---

नुकुअलोफा, इस्पितळ
२२ जून

वन्सं,

हे पत्र मेलेआने फोननं टिपून तुमच्या पाद्रींकडे पाठवणार आहे. ते तुम्हाला वाचून दाखवतील की नुसतं हातात देतील, ठाऊक नाही. वाचून दाखवलं तरी चालेल. आज माझी लाज निघायची ती सकाळीच निघालीय.

सकाळी रांगेत अकरा मुलं होती. सगळी चर्चला निघाल्यासारखी नटवलेली, सगळ्यांच्या कमरेला चटया. मोठ्या डॉक्टरांपुढे जायचं तर उघड्या कमरेनं कोण जाईल? सिआलेच्या कमरेला दोन होत्या. वर नवी, नक्षीची, मी विणलेली. आतली घडी घालून बांधलेली, कुणाला दिसत नव्हती.

मेलेआनेनं वजनाचा काटा पुढे ओढला, पोरीकडे पाहिलं, आणि तिचं मन होईना. नर्स झाली तरी आपल्याकडचीच ना ती. म्हणाली, "इतकी छान बांधलीय, कशाला सोडायची? पांगाईचाच आकडा लिहिते." आणि तिनं पेन उघडलं.

वन्सं, मी गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. पांगाईला मी हेच केलं होतं. तिथे फसवायचा विचार नव्हता, शपथ घेते. तिच्या अंगाला घरातलं काहीतरी जुनं असावं, एवढ्यासाठी आतली चटई बांधली होती. काटा पंधरावर गेला, मेलेआने म्हणाली 'काठावर बसली', तेव्हा माझ्या लक्षात आलं. आणि माझ्या जिभेला कुलूप लागलं. महिनाभर तोंडात तेच कुलूप घेऊन मी तिला लू भरवत होते.

आज मेलेआनेनं पेन उघडल्यावर तिच्या मागे मला औषधांचं टेबल दिसलं. एक डॉक्टर प्रत्येक मुलाच्या वजनाचा आकडा बघून लहान बाटलीतून सुईत औषध ओढायची मात्रा लिहीत होता. आकडा बघायचा, लिहायचं. आकडा बघायचा, लिहायचं. मी म्हटलं, "थांब. सोडून मोज." वरची गाठ सोडली. मग आतली सोडली. सिआले काट्यावर उभी राहिली. चौदा किलो शंभर.

तुमचा भाऊ शेजारीच उभा होता. त्यानं माझ्या हातातली चटई पाहिली. कडेची काळ्या पातीची नागमोड पाहिली. ती ओळखायला त्याला किती वेळ लागणार? लहानपणी तिच्यावर झोपून मार खाल्ला होता त्यानं. बाहेर जाऊन चाफ्याखाली उभा राहिला आणि तासाभरानं परत आला तो सिआलेसाठी शहाळं घेऊन. माझ्याकडे त्यानं अजून पाहिलेलं नाही.

आता ऐका. लाटेनं चटई नेली, हे खरं. तिसऱ्या दिवशी परत दिली, हे मी लपवलं. खारफुटीच्या मुळांत अडकली होती. मी पाच महिन्यांची पोटुशी, गुडघाभर चिखलात उतरून ती ओढून काढली. टाक्यांत राख पडली होती, प्यायच्या पाण्याची मारामार होती, तरी दोन बादल्या गोडं पाणी तिच्यावर घातलं. एवढं पाणी शेजारच्या घराला चार दिवस पुरलं असतं. लोसेलीनं पाहिलं ते तेव्हाच. एक कड कुजली होती. ती उसवून केवड्याच्या नव्या पातीनं पुन्हा विणली. वीतभर कड माझ्या हातची आहे, वन्सं, आणि कुठे जोडलंय ते तुम्हालाही सापडायचं नाही. त्या वीतभर कडेवरून मला वाटलं की चटई आता माझीही झाली. शिवाय तुम्ही ती मिल्ड्युराला नेणार आणि कुणाच्या तरी लग्नात देऊन टाकणार, हे मला माहीत होतं. तुम्ही सगळं देऊनच टाकता. मला ते सहन झालं नाही. माझी बाजू इतकीच, फारशी बरी नाही.

मेलबर्नच्या डॉक्टरांचं नाव देस्पिना. बुटक्या, पन्नाशीच्या, केस पांढरे आणि पोरासारखे कापलेले. मेलेआनेनं त्यांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला मामंजी आठवले.

"पंधरा हा आकडा मीच ठरवलेला आहे," त्या म्हणाल्या, "तो थोडा इकडेतिकडे करायचा तर मीच करेन. पण खोटा आकडा दिलात तर मी आंधळी होते. मग माझे हात काय कामाचे?"

मेलेआनेनं त्याचं टोंगन केलं, आणि माझी कीव येऊन थोडं मऊ केलं असावं. मी म्हटलं, चूक झाली. त्या म्हणाल्या, चूक पांगाईला झाली, आज नाही. मग सिआलेला उचलून आत घेऊन गेल्या.

दुपारी बोलावलं. इको नीट पाहिला होता. म्हणाल्या, भोक मोठं आहे पण त्याच्या कडा चांगल्या आहेत, धरून राहतील. हृदय आत्ताच फुगायला लागलंय, वर्षभर थांबणं त्यांना पसंत नाही. सगळ्यांत बारीक नळी घेऊन आठवड्याच्या शेवटी, शुक्रवारी तिला घेतील. "जमत नाही असं दिसलं तर मी मागे फिरेन. जोर करणार नाही. हे आधीच सांगून ठेवते." मला त्यांचं हेच फार आवडलं. मोठमोठ्या बाता मारणारे डॉक्टर काय कमी आहेत?

मग त्यांनी खिशातून ती वस्तू काढली. बारीक तारेची विणलेली दुहेरी चकती, दोन बटणं मध्ये जोडावीत तशी. नळीच्या तोंडात ओढली की लांब होऊन दोरीएवढी होते, बाहेर ढकलली की आपोआप पुन्हा चकती. एक चकती भिंतीच्या अलीकडे, एक पलीकडे, मध्ये भोक दाबलेलं. बाकीचे आईबाप ती पाहून मान डोलावत होते. मी हातात घेऊन उजेडात धरली. तिरपी वीण, दोन वर दोन खाली, एकही ताण कमीजास्त नाही. मी आयुष्यभर विणतेय, माझ्या हातून इतकं सारखं कधी आलेलं नाही. मी विचारलं, "हिची टोकं कुठे लपवलीत?"

त्यांनी चष्मा काढला. मेलेआनेला पुन्हा विचारायला लावलं. मग चकतीच्या मधोमध असलेली इवलीशी टोपी मला दाखवली, सगळ्या तारांची टोकं तिच्यात धरलेली. म्हणाल्या, "अठरा वर्षं ही दाखवतेय. हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता." आणि सांगितलं की सहा महिन्यांत सिआलेचं स्वतःचं कातडं त्या तारेवर चढेल, आणि मग जोड कुठे आहे ते त्यांनाही दिसणार नाही.

वन्सं, सगळं झालं, एक सही राहिलीय. तुमचा भाऊ आजही म्हणतो, तिच्या आत्याचा शब्द. मी आता त्याच्याशी वाद घालण्याच्या लायकीची उरले नाही. शुक्रवारच्या आत काहीतरी कळवा. माझ्यावरचा राग माझ्यावर काढा. चटई इथेच आहे, कधीही मागा.

अकोसिता

---

नुकुअलोफा
२७ जून

वन्सं,

गुरुवारी दुपारी मेलेआने आपला फोन घेऊन धावत आली. "मिल्ड्युरा," म्हणाली. मी आवाज दिला, आणि तुम्ही फोन ठेवला नाहीत. तीन वर्षांनी तुमचा श्वास ऐकला. नंतर तुम्ही जे बोललात ते तसंच लिहून ठेवते, म्हणजे उद्या तुम्हीच नाही म्हणायला नको.

"त्याला सांग, सही कर. आणि ती चटई त्या डॉक्टरणीला दे. तुझ्या हातानं बांध तिच्या कमरेला."

मी 'वन्सं' म्हणेपर्यंत फोन बंद.

खरं सांगू? पहिलं वाक्य ऐकून मी रडले आणि दुसरं ऐकून माझा जळफळाट झाला. चार पिढ्यांची चटई! तुम्ही स्वतः एक दिवस कमरेला बांधली नाहीत, हातात घेतली नाहीत, आणि दिलीत. मी तेच म्हणाले होते ना, तुम्ही देऊनच टाकता. पण संध्याकाळपर्यंत मला कळून चुकलं की तुमच्या जागी मी असते तर ती चटई मागवून घेतली असती, पेटीत घातली असती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसले असते की बघा, शेवटी हिला द्यावीच लागली. तुमच्यासारखं वागायला मला जमलं नसतं. लिहायला जड जातंय, म्हणून एकदाच लिहिते, तुम्ही मोठ्या आहात.

तुमच्या भावाला निरोप सांगितला. म्हणाला, "तिच्याच शब्दांत सांग." मी सांगितलं, चटईसकट. त्यानं बायबलातून कागद काढला आणि सही केली. मग तीन दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहून म्हणाला, "वीण कुठे जोडलीस?" मी म्हटलं, शोध. त्याला नाही सापडली.

शुक्रवारी सकाळी अकराला सिआलेला आत नेलं. मला काचेमागे उभं राहू दिलं, मेलेआनेबरोबर. डॉक्टर देस्पिना लाकडी पाटावर उभ्या, नाहीतर त्यांचा हात टेबलापर्यंत पुरत नाही. पोर एवढीशी, निळ्या कापडाखाली नुसती मांडीची एक चौकोनी जागा उघडी. तिथे सुई, सुईतून तार, तारेवरून नळी. रक्त म्हणाल तर माझं नखाशेजारचं कातडं निघालं तरी जास्त येतं. त्यांचे हात फार हलत नाहीत. बोटं तेवढी हलतात, वेणीचा शेवट घालताना हलतात तेवढीच, आणि डोळे पूर्ण वेळ पडद्यावर. पडद्यावर तार वर गेली, हृदयात शिरली, भोकातून पलीकडे गेली. मग पहिली चकती उघडली, मागे ओढून भिंतीला टेकवली. मग दुसरी.

दुसरी तिरकी बसली. मला मेलेआनेच्या आधी दिसलं. तिरकी वीण मला अंधारातही कळते. डॉक्टरांनी हळूच ओढून पाहिलं, चकती सरकली. मला आठवलं, 'मागे फिरेन' म्हणाल्या होत्या. मी काचेला कपाळ लावून उभी होते आणि माझ्या मनात एकच गोष्ट होती, ती चौदा किलो शंभर आहे, पंधरा नाही, आणि हे त्यांना माहीत आहे हे किती बरं झालं.

त्यांनी दोन्ही चकत्या पुन्हा नळीत ओढून घेतल्या. चिडल्या नाहीत, घाई केली नाही. पाटावरून उतरल्या, मान दोनदा इकडेतिकडे वळवली, पुन्हा चढल्या, नळीचं तोंड जरासं वळवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पहिली चकती. टेकवली. दुसरी. सरळ. ओढून पाहिलं, बसलेली. पुन्हा ओढून पाहिलं, जरा जोरानं, बसलेली. मग तार फिरवून सोडली, आणि पडद्यावर जे लाल-निळं रक्त भोकातून उसळत होतं ते थांबलं. एकदम थांबलं, वन्सं. चार वर्षं जे चाललं होतं ते.

मी खूप विणणाऱ्या बायका पाहिल्या आहेत. चुकलेलं उसवायला जिला लाज वाटत नाही तिच्यापुढे मी मान खाली घालते. काल काचेमागे घातली.

जांघेतून नळी काढल्यावर पाय सहा तास सरळ ठेवायचा होता. सिआलेसारखीला सहा तास! तुमच्या भावानं तिचा पाय दोन्ही हातांनी धरला आणि तिला तुम्ही लहानपणी त्याला नारळाच्या झाडावर चढवून शिडी कशी काढून घेतलीत ते सांगितलं. तिनं ते अकरा वेळा सांगायला लावलं. म्हणाली, "आत्या वाईट आहे." आणि मग, "परत सांग."

आज सकाळी ती इस्पितळाच्या व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाली. तिथे पोचल्यावर बसायला लागली, सवयीनं. मग लक्षात आलं की दम लागलेला नाही. उभीच राहिली आणि आमच्याकडे पाहत राहिली.

मग मी तुमचं काम केलं. डॉक्टरांना बोलावलं, मेलेआनेला शेजारी उभं केलं, आणि सांगितलं, ही मुलीच्या आत्याकडून. चटई त्यांच्या कमरेला दोन वेढे बसली आणि खाली घोट्यांपर्यंत आली. गाठ मी मारली. गाठ पक्की आहे. त्यांनी विचारलं, ही किती जुनी? मेलेआनेनं सांगितलं. त्या घाईघाईनं गाठ सोडायला निघाल्या, म्हणाल्या, एवढं मी नाही घेऊ शकत. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, द्यायची नाही म्हणून मी तीन वर्षं अडून बसले होते. तुम्ही सोडू नका, आमची मोठी माणसं रागावतात.

त्या तशाच वजनाच्या काट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. आकडा पाहिला आणि मेलेआनेला म्हणाल्या, "यातला एक किलो माझा नाही, लिहून ठेव."

पूर्ण वॉर्ड हसला. मी पण हसले, आणि माझ्या लक्षात आलं की कड जिथे जोडलीय, बरोबर त्याच वीतभर जागेवर त्या हात फिरवत होत्या. सापडली त्यांना.

अकोसिता

---

पांगाई
३१ ऑगस्ट

वन्सं,

सेमीसी परत आला. तुम्ही पाठवलेले बूट सिआलेला दोन बोटं मोठे होतात. ती तेच घालून झोपते.

इथल्या दवाखान्यात मेलेआनेनं नवा नियम लावलाय. वजनाच्या काट्यापाशी एक बाक ठेवलाय, मुलांच्या चटया त्यावर काढून ठेवायच्या, पाद्रींचा नातू असला तरी. आजीमंडळी कुरकुरतात. तो नियम कुणामुळे आला हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे बाजारात माझ्याकडे बघून कुजबूज होते. होऊ दे. लोसेलीशी मी परवा स्वतःहून बोलले. शेजारी आहे, आणि तिनं पाहिलं होतं ते खरंच पाहिलं होतं.

मी नवी चटई विणायला घेतलीय. केवडा या वेळी चांगला आलाय, समुद्राच्या पाण्यात मुरवून पांढराशुभ्र झालाय. जुन्या चटईची नागमोड मला पाठ आहे, तीच घेतेय. पूर्ण व्हायला वर्ष जाईल. ती तुमची आहे, हे आधीच सांगते. पुढे कुणाला द्यायची ते तुम्ही बघा, मी विचारणार नाही. शेवटची कड मात्र मोकळी ठेवणार आहे. टोकं तुम्ही येऊन लपवायची. तुमच्याहून माझा हात बारीक आहे हे खरं, पण तुम्ही बसा, मी शिकवेन.

विहिरीपर्यंत सिआले आता माझ्या पुढे पळते. तापानं या दोन महिन्यांत तोंड दाखवलेलं नाही. डुकराचं पिल्लू वाळलंय, कारण ती आपलं जेवण आपणच खाते.

काल तिचं वजन केलं. तुमच्या भावानं स्वतः तिची चटई सोडून बाकावर ठेवली. ती तुम्हाला सांगायला सांगते की मी आता पंधरा किलोंची झाले. नाही झालेली. चौदा किलो नऊशे आहे. पंधरा लिहायला हात शिवशिवतोय, पण आहे तेवढंच लिहिलंय.

तुमची
अकोसिता